रायफल किती वर्षांसाठी घ्यायची

निघायच्या दिवशी बाबांनी हॉलमध्ये माझ्या दोन्ही बॅगा उघडून ठेवल्या होत्या आणि ते एकेक वस्तू बाहेर काढत होते. टॅक्सी खाली उभी होती. माझा नवरा मंदार डॉक्टरेटसाठी सहा महिने आधीच जर्मनीत ब्राउनश्वाइगला गेला होता, त्यामुळे सामान माझं एकटीचं होतं. बाबांनी इस्त्री काढली, पोळपाट काढला, जाडजूड शब्दकोश काढला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच. "याची गरज काय?"

बाबा सरकारी भांडारात नोकरीला होते. खिळ्यांपासून टायरपर्यंत कुणी काहीही मागायला आलं की हा प्रश्न विचारणं हे त्यांचं काम होतं आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. शब्दकोशाच्या वेळी मी म्हटलं, "बाबा, दोनच वर्षं तर आहेत." ते म्हणाले, "मग तर मुळीच नको." शब्दकोश पुण्यातच राहिला.

त्याला आता बारा वर्षं झाली.

पुण्यात मी एका दैनिकात उपसंपादक होते. इथे एका एजन्सीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासते. कोणता स्क्रू आधी सैल करायचा याचा क्रम चुकला तर कुणाचं तरी बोट जाऊ शकतं, एवढं सोडलं तर काम जुन्यासारखंच आहे. मंदार डॉक्टरेट संपवून मोटारींच्या ब्रेकवर काम करणाऱ्या एका कंपनीत लागला. दोन वर्षं संपली तेव्हा त्याचा प्रबंध बाकी होता. मग नोकरी नवी होती, मग आमच्या मुलीचं, ईराचं, किंडरगार्टन, मग तिची शाळा. दर वेळी आम्ही पुढची दोन वर्षं म्हणालो, आणि दर वेळी ते मनापासून म्हणालो. हे सदर वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांना ही दोन वर्षं ठाऊक असतील. त्या हिशेबाने गादी घेतली जाते, टेबल घडीचं घेतलं जातं, गाडी घेताना ती विकताना काय मिळेल हे आधी बघितलं जातं. आणि जे मागे राहिले, तेही फोनवर दर वेळी तीच दोन वर्षं ऐकतात आणि बरं म्हणतात.

रायफलीचा विषय निघाला तो ईराच्या शाळेत. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा, हेर म्हणजे श्रीयुत ब्रांडेस, शाळेच्या जत्रेत माझ्या शेजारी सॉसेज भाजत होते. त्यांनी विचारलं, तुम्ही तिकडे कुठला खेळ खेळत होतात? मी खरं ते सांगितलं. कॉलेजात एनसीसीत होते, तिथे नेमबाजी शिकले, नेम बरा होता, नंतर सुटलं. त्यांनी सॉसेज उलटवला आणि म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. "गुरुवारी या."

इथल्या आसपासच्या जवळजवळ प्रत्येक गावात नेमबाजांचं एक मंडळ असतं. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखंच त्याचं चालतं: वर्षातून एकदा मिरवणूक आणि बँड, बाकी वर्षभर बैठका आणि रुसवेफुगवे. मी गुरुवारी गेले, आणि जात राहिले. मुख्य कारण सांगायचं तर तिथे कानांवर मफ चढवले की कुणाशीही जर्मनमध्ये बोलावं लागत नाही. दिवसभर परक्या भाषेत अचूक राहून माणूस थकतो. तिथे दोन तास फक्त श्वास, बोट आणि शंभर मीटरवरचा एक काळा ठिपका.

मंडळाची साधी रायफल मी दोनेक वर्षं वापरली. मग अर्धस्वयंचलित रायफलीच्या स्पर्धांमध्ये उतरले, तेव्हा हेर ब्रांडेस त्यांची स्वतःची देत. ती त्यांच्या उंचीची होती. दस्ता खांद्याला लावला की माझा गाल पोहोचायचा नाही, मान ताणून नेम धरावा लागे आणि शुक्रवारी मान अवघडलेली असे. "तुमच्या मापाची हवी," ते म्हणाले. माझ्या मापाची म्हणजे एआर धाटणीची, कारण तिचा दस्ता पुढेमागे सरकवून हवा तेवढा आखूड करता येतो, आणि ती खांद्याला धक्काही कमी देते. लाकडी दस्त्याच्या जुन्या रायफली पुरुषांच्या मापाने बेतलेल्या असतात.

ही रायफल काळी असते आणि बातम्यांत दिसते. डेस्कवर असताना अशा रायफलींच्या फोटोंखाली मी कित्येकदा ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या फोटोंत काही चांगलं घडलेलं नसे. म्हणून निर्णयाला वेळ लागला. पण जर्मनीतला कायदा वाचल्यावर वाटलं, इथे घाईने काही होणं शक्यच नाही. आधी वर्षभर नियमित सराव, मग परीक्षा. नळी बेचाळीस सेंटिमीटरपेक्षा आखूड चालत नाही, मॅगझिनमध्ये दहाच्या वर गोळ्या चालत नाहीत, आणि घरात ती ठरावीक प्रतीच्या तिजोरीतच ठेवावी लागते. या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, बेड्युर्फनिस. शस्त्र हवं असेल तर त्याचा बेड्युर्फनिस सिद्ध करावा लागतो. मराठीत त्याला गरज म्हणतात.

मंडळाची शिफारस लागते, म्हणून एका गुरुवारी कार्यकारिणीने मला बोलावलं. तीन माणसं, कॉफीचा थर्मास, केकची ताटली. हेर ब्रांडेस मधोमध. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचा बेड्युर्फनिस काय?"

प्रश्न माझ्या डोक्यात मराठीत पोहोचला, आणि माझ्या घरच्या वळणाचं उत्तर तोंडून बाहेर पडलं. मी म्हणाले, खरं तर गरज अशी काही नाही.

खजिनदाराने चष्मा काढला. कुणीतरी कप बशीत ठेवला. हेर ब्रांडेस यांनी केकची ताटली बाजूला सारली. "बरं तर, फ्राउ साठे," ते म्हणाले, "आपण हा प्रश्न पुन्हा विचारू या. या वेळी उत्तर द्यायच्या आधी जरा माझ्याकडे बघा." मी बघितलं. ते हळूहळू मान हलवत होते, लहान मुलाला नमस्कार करायला सुचवतात तशी. मग मी व्यवस्थित सांगितलं: मी अमुक प्रकारात स्पर्धेला उतरते, माझ्या मापाची रायफल मंडळाकडे नाही. बाहेर पडताना ते म्हणाले, "इतक्या वर्षांत असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. सरकारी कचेरीत देऊ नका म्हणजे झालं."

घरी मंदार हसून हसून खाली बसला. "तुला बंदूक द्यायला निघालेत ते, आणि तू म्हणतेस राहू द्या, कशाला उगाच. पाहुणी आहेस का वाढून घ्यायला?"

अर्जाच्या आधी रायफल नक्की करायची म्हणून आम्ही दुकानात गेलो. शहराबाहेरचं, एका बाईंचं दुकान. बंदुकांची दुरुस्ती त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. मी आमचा मध्यम आवाका आधीच सांगून टाकला, म्हणजे वरच्या फळीकडे बघायला नको. त्यांनी तीन रायफली टेबलावर ठेवल्या. पहिली वापरलेली होती, एका म्हाताऱ्या सभासदाने नजर गेल्यावर विकायला दिलेली. दुसरी नवी आणि स्वस्त. तिचा ट्रिगर खडबडीत होता, दाबताना मध्येच वाळूतून गेल्यासारखा अडकायचा. तिसरी मधली. नळी चांगली, ट्रिगर स्वच्छ, दस्ता माझ्या गालाला न ताणता लागला. दुर्बीण आणि गोळ्या यांचाही खर्च असतो, सगळे पैसे रायफलीत घालू नका, असं बाईंनी स्वतःहून बजावलं.

मी विचारलं, तुम्ही काय सुचवाल? त्या म्हणाल्या, "ते तुमच्यावर आहे. किती वर्षांसाठी हवीय?"

मला प्रश्न समजला नाही असं वाटून त्यांनी तो सावकाश पुन्हा समजावला. दोनतीन वर्षांचा शौक असेल तर वापरलेली घ्या. विकताना फारसा तोटा नाही. पुढची दहापंधरा वर्षं नेम धरायचा असेल तर मधली घ्या. तिची नळी टिकते, आणि पुढे झिजली तर बदलून मिळते.

साधा प्रश्न होता. कुठल्याही दुकानदाराने विचारला असता. पण बारा वर्षांत घरातली प्रत्येक वस्तू आम्ही ज्या उत्तराने घेतली होती, ते उत्तर या वेळी मला देता येईना. मी विचार करून सांगते म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो.

गाडीत मंदारने किल्ली लावली आणि इंजिन सुरू केलं नाही. "परत जाताना रायफलीचं काय करायचं?"

"नेता येणार नाही."

"मग विकायची?"

"नाही."

त्याने सीटबेल्ट लावला. मग म्हणाला, "बाबांना कोण सांगणार?"

"मी."

"बरं," तो म्हणाला. "माझ्या आईला मी सांगतो. तुझ्यापेक्षा माझं अवघड आहे, हे लक्षात ठेव." मग त्याने इंजिन सुरू केलं. आम्ही भांडलो नाही. निर्णय दोघांनाही कधीचा माहीत होता आणि उच्चारायचा कंटाळा आला होता.

मधली रायफल नक्की केली. अर्जासाठी तिजोरी आधी लागते. ती भिंतीला बोल्टने जखडताना लक्षात आलं की या घराच्या भिंतीला आम्ही पाडलेली ही पहिली भोकं. फोटो इतकी वर्षं फळ्यांवर टेकवून ठेवले होते. तिजोरीचा आकडा फक्त मला माहीत आहे. मंदारकडे परवाना नाही, त्यामुळे त्याला तो सांगणं बेकायदा आहे. "घरात माझं असं एक कपाट नाही," तो म्हणतो, "आणि तुझं एक असं आहे की मी उघडलं तर पोलीस येतील." परवाना यायला काही महिने लागले. कचेरीतल्या माणसाने मी जर्मनीत सलग किती वर्षं आहे ते तपासलं, पाचाच्या वर आहेत ना एवढंच बघितलं आणि पुढे गेला. माझ्याजवळ एवढी वर्षं जमा झाली आहेत हे त्याच्या दृष्टीने चांगलं होतं.

बाबांना सांगायचं वाक्य मी तयार करत होते. ते बोलायची वेळ आली नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ईरा मध्ये घुसली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती जर्मन. "आबा, मामा हाट आइन गेवेअर!"

"मामा?" बाबा म्हणाले. "कुठला मामा? तुला मामा नाही."

"जर्मनमध्ये मामा म्हणजे आई," मी म्हणाले. "मीच, बाबा. मी रायफल घेतली."

"कॉलेजात होती तसली?"

"त्याहून मोठी. स्पर्धांसाठी."

"परवाना?"

"आहे."

"वजन?"

"साडेतीन किलो असेल."

त्यांनी मान डोलावली. वजन त्यांना पटलं असावं. मग म्हणाले, "इकडे येताना तिचं काय?"

"तिजोरीत राहील. कुलूपबंद."

"सुट्टीचं विचारत नाहीये मी. कायमची येशील तेव्हा."

ईराला मी बाहेर पाठवलं. "कायमचं येणं होणार नाही, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसला. पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ आणि मागचं कॅलेंडर दिसत होतं. "बरं," ते म्हणाले. "बोललीस ते बरं केलंस. तुझ्या खोलीसाठी दर जूनला कुणी ना कुणी विचारायला येतं. आता एक नगरची मुलगी आलीय, आयुर्वेद शिकतेय. मी सगळ्यांना सांगायचो, मुलगी येणार आहे माझी. हिला हो म्हणतो."

"तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाईट कसलं. खोली बंद ठेवली की वाळवी लागते."

नगरची मुलगी पुढच्याच आठवड्यात राहायला आली. माझी पुस्तकं बाबांनी माळ्यावर ठेवली. मी गुरुवारी नेम धरते. रायफल चांगली आहे, नेम मध्यम आहे. परत कधी येणार असं आता कुणी विचारत नाही, आणि हा प्रश्न नसलेलं संभाषण कुठून सुरू करायचं हे बाबांना आणि मला अजून नीट जमलेलं नाही. आम्ही हवामानावर जास्त बोलतो.

डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी तारखा आधी मागून घेतल्या, कारण माझ्या खोलीतल्या त्या मुलीची परीक्षा होती आणि ईराचा दंगा नको होता. मंदार म्हणाला, "सासऱ्यांकडेही टेर्मिन घ्यावा लागतो आता." टेर्मिन म्हणजे डॉक्टरकडे घेतात तशी आधी ठरवलेली वेळ. आम्ही तिघं हॉलमध्ये गाद्या घालून झोपलो. घर म्हणजे काय, असं तुमच्यापैकी बरेच जण पत्रांतून विचारता. ब्राउनश्वाइगचं घर भाड्याचं आहे, पण तिथल्या भिंतीला भोकं पाडताना आता आम्ही विचार करत नाही. पुण्याचं घर आमचं आहे आणि तिथे आम्ही आधी कळवून जातो. यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा बाबा फिरायला गेले होते. ओट्याशी ती मुलगी उभी होती, केस वर बांधलेले, हातात आमचीच गाळणी. कोणता डबा कुठे आहे हे तिला माहीत होतं. "ताई, चहा टाकते तुम्हालाही," ती म्हणाली. "साखर किती?"

त्या घरात हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. अर्धा चमचा, असं मी सांगितलं आणि हॉलमध्ये जाऊन बसले.