मामा गाडी बघायला जातात

आमच्या हिच्या मामांइतका गाडी विकत घेताना गाडीकडे कमी आणि गाडीवाल्याकडे जास्त बघणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा सापडायचा नाही. लंडनच्या कडेला, पिनरला त्यांचं घर. घराला लागून गॅरेज, गॅरेजमध्ये त्यांची चांगली गाडी आणि तिच्यावर मामींच्या जुन्या रजयांचं पांघरूण. ऑक्टोबर संपत आला, इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली, की ही गाडी जी झोपायची ती थेट एप्रिलपर्यंत. मधल्या दिवसांसाठी मामा दरवर्षी एक स्वस्तातली, दिसायला यथातथा पण तब्येतीने खणखणीत गाडी आणायचे आणि हिवाळा सरला की विकून टाकायचे. कारण काय, तर मीठ. बर्फ पडायच्या आधी कौन्सिल रस्त्यावर मीठ पसरते, ते गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा गंजतो. "जावईबापू, या लोकांच्या जेवणात मीठ का नसतं, कळलं का? सगळं रस्त्यावर ओततात," असं मामा मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. मी नुकताच पुण्याहून आलेलो. मला ते खरं वाटलं.

तर ही हिवाळ्याची गाडी. आपण काय करू, ऑनलाइन फोटो बघू, भाव करू, घेऊन येऊ. मामा गाडी बघायला जायचे, पूर्वी मुलगी बघायला जात तसे. इस्त्रीचा शर्ट, खिशात टॉर्च आणि मध्यस्थ म्हणून मी. गाडीच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीत काय काय निघालं ते नंबर टाकला की फोनवर दिसतं. ती पत्रिका मामांनी आधीच बघून ठेवलेली असायची. पोचल्याबरोबर पहिला हात बॉनेटवर, पोराचा ताप बघतात तसा. बॉनेट कोमट लागलं की मामा माझ्या कानात पुटपुटायचे, "आपण यायच्या आधी तापवून ठेवलीय. गार असताना सुरू होत नसणार." मग तेलाचं झाकण उघडून आत ताकासारखं पांढरं काही जमलंय का बघायचं, डिकीतलं कार्पेट उचलून ओलीचा वास घ्यायचा. पण हे सगळं वरवरचं. खरी परीक्षा मालकाची. इल्फर्डला एका गृहस्थांच्या स्वयंपाकघरात डोकावून मामांनी त्यांची गाडी पसंत केली होती, कारण ज्याच्या ओट्यावर डाग नाही त्याने ऑइल वेळेवर बदललेलं असणार. हसू नका, त्या गाडीने हिवाळाभर एकदाही त्रास दिला नाही.

मामांचं हुकमी हत्यार म्हणजे एक प्रश्न. "का विकताय?" एवढं विचारायचं आणि गप्प राहायचं. इंग्रज माणसाला शांतता सोसत नाही, असा त्यांचा सिद्धांत. एका बाईंनी त्या शांततेत गिअरबॉक्सपासून सुरुवात केली ती घटस्फोटापर्यंत जाऊन पोचल्या. मामांनी गाडी घेतली नाही, पण त्या बाईंकडे अजून दिवाळीला चकल्या जातात. आणि नाही घ्यायची, तरी तोंडावर नाही कधी म्हणायचं नाही. चहा प्यायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, "कळवतो." आपल्याकडे मुलाकडचे जिना उतरताना कळवतो म्हणाले की मुलीकडच्यांनी काय समजायचं ते समजायचं. मामा तेच इंग्रजीत म्हणायचे, वुई विल लेट यू नो, आणि निर्धास्त घरी यायचे.

गेल्या वर्षी मात्र या हौसेतली हौस गेली. मामांना काचबिंदू आहे हे निघालं. समोरचं नीट दिसतं, पण कडेचं हळूहळू मिटत चाललंय. लायसन्स परत करावं लागलं. मामींकडे लायसन्स होतं, पण फक्त कपाटात. फार पूर्वी मामांनी त्यांना हॅरोच्या चढावर नेऊन इतक्या वेळा "क्लच, अगं क्लच" केलं होतं, की त्या दिवशी मामी गाडीतून उतरल्या त्या पायीच घरी आल्या. त्यानंतर स्टिअरिंगला हात नाही. त्यांची लेक केंब्रिजला संशोधन करते. ती इथंच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या स्वभावासारखं, थेट. ती म्हणाली, "बाबा, ख्रिसमसपर्यंत आई ड्राइव्ह केली नाही तर हा घर विकायचा आणि माझ्याकडे यायचा. आय मीन इट." आणि तिचं काही चुकत नव्हतं. दवाखाना, बाजार, मंडळ, सगळं गाडीवर. पण ज्या घरात निम्मं आयुष्य गेलं, ते गाडीवाचून सोडायचं?

गॅरेजमधली चांगली गाडी मामींना जड, मग मामा जिद्दीने त्यांच्यासाठी गाडी शोधायला लागले. म्हणजे मी चालवायचो, मामा बघायचे आणि मामी घरी. किती दारं पालथी घातली. कुठली गाडी जड, कुठलीचा मालक उद्धट. वॉटफर्डजवळ एका निवृत्त मास्तरांची छोटी लाल गाडी होती, त्यांच्या दिवंगत पत्नीची. बॉनेट गार, कार्पेट कोरडं, ओटा लख्ख. पण ऑटोमॅटिक. "ही गाडी नव्हे, लिफ्ट आहे," मामा मराठीत म्हणाले. बर्फात दुसऱ्या गिअरमध्ये निघता आलं पाहिजे, हा त्यांचा जुना हट्ट. चहा झाला. हात जोडले. कळवतो.

डिसेंबर उजाडला तरी गाडी नाही. आणि एक दिवस मास्तरांचा फोन आला. अतिशय मवाळ आवाजात ते म्हणाले की तुम्ही कळवतो म्हणाला होतात, तेव्हा मी गाडी राखून ठेवली आहे, दोघांना परत पाठवलं, तुमचं काय ठरलं? मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत त्यांच्या 'कळवतो'वर विश्वास ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. "फोनवर नको," ते म्हणाले, "त्या माणसाच्या दारात जाऊन नाही म्हणायला हवं." मामी म्हणाल्या, मीही येते, लाडू देते त्यांना.

मास्तरांच्या बैठकीत मामांनी आमची रीत समजावून सांगितली, माफी मागितली. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण तुम्ही घेताय कशासाठी?" आणि ते गप्प बसले. त्या शांततेत मामाच बोलायला लागले. डोळ्यांचं बोलले, लायसन्सचं बोलले. शेवटी म्हणाले, "मला त्या घरातून जायची भीती वाटते, आणि हे मी हिला बोललो नाहीये." इंग्रजीत बोलले म्हणून बोलता आलं असावं. मामी शेजारीच होत्या. त्यांनी लाडवांचा डबा टीपॉयवर ठेवला आणि मास्तरांपुढे हात केला. "किल्ली द्या," त्या म्हणाल्या. इंग्रजीत म्हणाल्या.

मी फोनवरून तिथल्या तिथे एका दिवसाचा इन्शुरन्स काढला. मामी बसल्या, सीट पुढे ओढली आणि खाली पायांकडे बघितलं. "क्लच नाहीच की हिला," त्या म्हणाल्या. मग काच खाली करून मामांना म्हणाल्या, "अहो, मला गाडीची भीती कधीच नव्हती. क्लचची होती. तुम्ही सगळ्या इंग्लंडला विचारत फिरलात, मला नाही विचारलंत." आणि गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, दिसेनाशा झाल्या. मामा फुटपाथवर मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते. गाडी परत आली तेव्हा ते दार उघडून डाव्या बाजूला बसले.

ख्रिसमसला त्या दोघांना केंब्रिजला न्यायला मी निघणार होतो, तेवढ्यात मामांचा फोन आला. ते मोटरवेवर होते आणि ती लाल गाडी मामी चालवत होत्या. मी विचारलं, मामा, ठीक ना सगळं? मला वाटलं, आता मामींचं काय काय चुकतंय ते ऐकावं लागणार. पण मामा म्हणाले, "जावईबापू, मी इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, पण समोरच बघत गेलो. कडेला तळं आहे हो इथे. बदकं आहेत. मान पूर्ण वळवली की दिसतात." मग म्हणाले, "हिला म्हटलं, हळू घे. दिसतंय तोवर बघून घेतो."