टाकीवरचा नारळ

पोकलेन बंद पडली की तिच्याभोवती डॉक्टर गोळा होतात. एकाला पंप गेलेला दिसतो, दुसऱ्याला वायरिंग जळलेली दिसते, आणि ज्याने आयुष्यात फक्त सायकलचं पंक्चर काढलेलं असतं तो ‘डिझेलमंदी पानी असंल’ असं छातीठोकपणे सांगतो. मी मोटरसायकलवरून उतरलो की ही सगळी मंडळी गप्प व्हायची. मला ते फार आवडायचं. लांब पेचकसाची मूठ कानाला लावायची, टोक पंपावर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि उघडताना एकच वाक्य बोलायचं, एवढ्यावर मी वसमतपासून कनेरगाव नाक्यापर्यंत मोठा मिस्त्री ठरलो होतो.

माझा एक नियम होता. ऑपरेटरला काही विचारायचं नाही. मशीन त्याच्याच हातात असते, तेव्हा तो स्वतःला वाचवूनच बोलणार, असं माझ्या उस्तादांनी मला शिकवलं होतं. उस्तादांच्या बाकीच्या शिकवणुकी मी विसरलो, ही मात्र घट्ट धरून ठेवली, कारण हिच्यात काही मेहनत नव्हती.

त्या वर्षी सिद्धेश्वरच्या बाजूला एका शेततळ्याच्या कामावरून फोन आला. मशीन सकाळी बरी चालायची, तासाभराने पंप रडल्यासारखा आवाज करायचा आणि बूम, म्हणजे तिचा लांब हात, म्हाताऱ्यासारखी थरथरत वर जायची. मशीनचा मालक हळदीचा मोठा शेतकरी. स्वभावाने सज्जन, पण मशीनवर पोटच्या लेकरासारखा जीव. ऑपरेटर चाळिशीचा, कमी बोलणारा. बकेटच्या दातांनी मातीतली पाइपलाइन ओरखडाही न काढता मोकळी करायचा, असा त्याचा हात.

मी मशीनवर चढलो. हायड्रॉलिक तेलाच्या टाकीवर मालकाने दसऱ्याच्या पूजेचा नारळ बांधला होता. लाल कापडात गुंडाळलेला, खाली घरच्या हळदीचा मूठभर लेप, आणि पावसाने पूजा भिजू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी, बुडाशी सुतळीने करकचून आवळलेली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण मालक खाली उभा होता, म्हणून मी नारळाला हात लावून कपाळाला लावला.

ऑपरेटर जवळ येऊन म्हणाला, “मिस्त्री, दसऱ्याला पूजा झाली, तिच्या दुसऱ्या रोजापासून असं करून राहिली. त्याच्या आधी काईच तकलीफ नव्हती.”

मी मोठ्याने हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काहून रे, मशीनला पूजा बाधली व्हय?”

बघे हसले. मालक हसला नाही. पूजेला नाव ठेवलेलं त्याला लागलं होतं, आणि ते नाव ऑपरेटरने ठेवलं असंच त्याच्या डोक्यात बसलं. ऑपरेटर काही बोलायला गेला, पण तोवर मी पेचकस कानाला लावून डोळे मिटले होते.

तेल पाहिलं तर त्याला फेस आलेला. झालं! मी निकाल दिला, “ऑपरेटरनं भलतंच तेल मिसळलंय.” फेस येण्याची आणखी चार कारणं मला ठाऊक होती. पण समोर पंधरा-वीस माणसं उभी असली की पहिलंच कारण फार गोड लागतं. त्या संध्याकाळी मालकाने ऑपरेटरला कामावरून काढलं. गावोगावच्या मशीनवाल्यांनी ते ऐकलं, आणि माझा शब्द म्हटल्यावर त्याला कुणी सीटवर बसवलं नाही.

तेल बदललं. नवा ऑपरेटर आला. मशीन पुन्हा तासाभराने रडायला लागली.

मग मी वायरिंगकडे वळलो. मीटरवर पंपाचं प्रेशर कमी दिसत होतं, म्हणून सेन्सर बदलला. सेन्सर बिचारा खरं सांगत होता, पण मी ऑपरेटरचंच ऐकत नव्हतो, सेन्सरचं काय ऐकणार? दरवेळी वर चढताना मालक दिसला की नारळाला हात लावून कपाळाला लावायचो. असं मी तीनदा केलं.

चौथ्या खेपेला मशीन चालू ठेवून मी टाकीजवळच बसून राहिलो, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. समोर नारळ होता. पाहतो तर वरची पिशवी हळूहळू नारळाला चिकटत चाललेली. थोड्या वेळाने ती इतकी आवळली की नारळाच्या शेंडीचे केस मोजता यावेत. मी तेल भरायचं झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली, पिशवी फुगली आणि पंपाचं रडणं थांबलं.

बूम वर गेली की टाकीतलं तेल कमी होतं आणि तेवढी हवा आत यावी लागते. ती यावी म्हणून टाकीवर एक छोटी टोपी असते, तिला श्वासाची भोकं असतात. मालकाला नारळ बांधायला टाकीवर तेवढाच उंचवटा सापडला होता. हळदीने भोकं लिंपली, पिशवीने उरलंसुरलं बंद केलं. मशीनचं नाक दाबून आम्ही तिच्या तोंडाला दोष देत होतो, आणि मी त्या नाकाला तीनदा नमस्कार करून आलो होतो.

मालकाला वर बोलावून दाखवलं. त्याने स्वतःच सुतळी सोडून नारळ काढला. मग म्हणाला, “मिस्त्री, गावात नका सांगू. घरच्यायला वाईट वाटंल. सेन्सर गेला व्हता म्हना.”

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. सेन्सर म्हटल्यावर माझीही अब्रू राहत होती. नारळ सन्मानाने केबिनमध्ये गेला आणि मी चहाच्या टपरीवर अर्धा तास सेन्सर या विषयावर भाषण दिलं.

पण ते मनातून जाईना. शेवटी ऑपरेटरला शोधत गेलो. तो साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत सापडला, स्टिअरिंगवर हात टाकून बसलेला. मी सगळं सांगितलं. माफी मागितली.

त्याने शांतपणे ऐकलं. “मी पूजा बाधली म्हनलोच न्हाई, मिस्त्री. कवापासून बिघडली तेवढं सांगून राहिलो व्हतो.” मग त्याने विचारलं, “हे गावात सांगितलं का?”

“न्हाई.”

“मग मला काहून सांगता? मी तेल खराब केलं न्हाई, हे मला पैल्यापासून मालूम हाय.”

रांग पुढे सरकली, त्याने ट्रॅक्टर पुढे घेतला.

मी तिथून थेट त्या गावच्या टपरीवर गेलो. तीच माणसं बसली होती. उभा राहून सांगितलं, की ऑपरेटरची काही चूक नव्हती, टाकीचा श्वास नारळाने कोंडला होता, आणि तो पहिल्याच दिवशी बराबर सांगत होता, मी ऐकलं नाही. मालकही होता. तो खाली मान घालून चहा ढवळत राहिला.

मग एक म्हातारा दुसऱ्याला हळूच म्हणाला, “आता मिस्त्रीचं वय झालं. सेन्सरच व्हता तो, यानंच तर सांगितलं व्हतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. त्यांनी मला बसायला जागा दिली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

ऑपरेटर अजून उसाच्या ट्रॅक्टरवर आहे.