शाहिरांच्या घागरीतलं पाणी

"दुष्काळात कोणी सहलीला जातं का?" असं आईनं विचारेपर्यंत माझी पिशवी भरूनसुद्धा झाली होती. ही बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी मैत्रीण सुशीला पारनेर तालुक्यातल्या एका शाहिरांची लेक. शाहीर जाऊन वर्ष होत होतं आणि आता त्यांच्याच गावात ती पहिल्यांदा डफ हाती घेणार होती. अशा वेळी सोबत नको?

नगरहून पारनेरची एसटी पकडायची आणि डोक्याला रुमाल घट्ट बांधायचा, कारण रस्त्यावरची सगळी धूळ आत येते. पुढे बैलगाडी. माझी हाडं खिळखिळी होत होती, आणि सुशीला वडिलांचा रिवाज सांगत होती. गाण्याआधी दलित वस्तीपासून पाटलांपर्यंत प्रत्येक आळीतून तांब्याभर पाणी यायचं, ते एकाच घागरीत ओतलं जायचं. आधी शाहीर प्यायचे, मग श्रोते, मगच डफावर थाप. वरच्या आळीतले लोक पाण्याच्या वेळेला नेमके उठून जायचे आणि डफ वाजला की परत यायचे. शाहीर हसून सोडून देत.

"मला नाही हसता येणार," सुशीला म्हणाली. "आज कोणी उठलं तर मी गाणार नाही."

गावात रेशनवरच्या मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी आणि ठेचा मिळाला. मिलोला नावं ठेवतात लोक, मी मात्र दोन वेळा मागून घेतली. तेवढ्यात सरपंच सुशीलाकडे आले.

"ताई, यंदा घागर ऱ्हाऊ द्या. समदं गाव एकाच टँकरचं पानी पितंय. त्यात गोळा काय करायचं?"

"टँकर एक हाय, सरपंच. तांबे अजून येगळेच हायेत की."

संध्याकाळी पारावर घागर मांडली. तांबे येऊ लागले आणि वरच्या आळीच्या सखूकाकू उठल्या. दरवर्षी सगळ्यांत आधी उठणाऱ्या त्याच. सुशीलानं डफ खाली ठेवला.

काकू परत आल्या त्या तांब्या घेऊन. घागरीत ओतला, त्याच घागरीतलं प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं.

"कुनाच्या घरचं गं हे मचूळ पानी?"

"समद्यांच्याच, काकू!" मागून आवाज आला. सगळा पार हसला.

"शाहीर हुता तवर उठून गेले," काकू पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "आता कुनाला दाखवायला उठू?"

पहिल्या कडव्याला सुशीलाचा आवाज कापला. मागच्या झीलकऱ्यांनी 'जी जी' म्हणत सांभाळून घेतलं, आणि मग ती अशी काही गायली की मी भर सभेत रडले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, गाणं कसलं होतं? मला धड एक ओळ सांगता येईना. मी तिला निघतानाचं भांडण सांगितलं. दलित वस्तीतलं कुणी ज्या ओट्याची पायरी कधी चढलं नव्हतं, त्या आपल्या ओट्यावर उभ्या राहून काकू सरपंचांना दटावत होत्या, "फुडच्या साली घागर हितं मांडायची. ज्यानं त्यानं तांब्या हितं वर घेऊन यायचा."