केसरीनाथ भोईरचा तिसरा रविवार

१२ जानेवारी २०२५, रविवार. जमा रुपये सहा हजार तीनशे फक्त. चौदा माणसे, माणशी साडेचारशे. एवढी नोंद करून मी पेन खिशाला लावले आणि मिनीबसच्या पहिल्या सीटवर बसलो. केसरीनाथ भोईर दारात उभा राहून मंडळींना सूचना देत होता.

"आज काही झालं तरी गड. वाटेत कोणी हाक मारली तर मागे बघायचं नाही. ओळखीचं माणूस असलं तरी नाही."

"आमच्या ओळखीचं इकडे कोण असणार?" नेत्राताई म्हणाल्या. त्या ठाण्याच्या, बँकेत अधिकारी.

"तुमच्या नाही हो, माझ्या."

केसरीनाथ भिवंडीजवळच्या दापोड्याचा. त्याच्या वडिलांच्या भातशेतीवर आता गोदामे उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोदामात, एका वाहतूक कंपनीचे हिशेब मी पाहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमची ओळख भाड्याच्या पावतीपासून सुरू झाली आणि रोजच्या चहापर्यंत आली. चार वर्षांपूर्वी त्याला साखरेचा त्रास निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितले. दापोड्यात चालायचे म्हणजे कंटेनरच्या मधून अंग चोरून चालायचे. एका ट्रेलरने मागे येताना त्याला कुंपणाला जवळजवळ चिकटवलेच, तेव्हा तो डोंगराकडे वळला.

मग त्याने तालुका पायाखाली घातला. लोणाडची लेणी, वज्रेश्वरीचे देऊळ, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, तानसा नदीचा काठ. शेवटी तो गुमतारा गडावर चढला आणि तिथून त्याने मला फोन केला. वाऱ्यामुळे एक शब्द धड ऐकू येत नव्हता.

"भाऊ, इथून काय दिसतंय ते सांगून उपयोग नाही. माणसं आणली पाहिजेत."

अशा रीतीने त्याच्या रविवारच्या सहली सुरू झाल्या. सकाळी एखादे देऊळ किंवा लेणे, मग जंगलातली पायवाट, मग गड, मग पोटभर जेवण आणि दिवे लागायच्या आत घर. त्यातून कमवायचे असे काही नव्हते. गाडी आणि चहापाणी सुटले की झाले. "भाडं घरबसल्या येतं," तो एकदा मला म्हणाला. "ते घ्यायला माणूस लागत नाही, नुसता बँकेतला नंबर लागतो. माझं स्वतःचं असं हे एवढंच आहे."

वेळापत्रक मी करून दिले. ते बरोबर होते. फक्त वाटेवर केसरीनाथचे नातेवाईक कुठे कुठे राहतात, हा रकाना मी ठेवला नव्हता, आणि भोईरांचे सोयरे खाडीपासून डोंगरापर्यंत पसरले आहेत. सोयऱ्याच्या दारावरून न थांबता पुढे जाणे म्हणजे त्याचे नाक कापणे. थांबणे म्हणजे पाणी, पाणी म्हणजे चहा, आणि चहा होईपर्यंत आत मटण शिजायला पडलेले असते.

पहिल्या सहलीत, नोव्हेंबरात, लोणाडची लेणी पाहून आम्ही बाहेर पडलो आणि केसरीनाथच्या आत्याने त्याला ओटीवरून पाहिले. वडे-मटण झाले. त्यानंतर बँकवाले, शिक्षक, एक दातांचे डॉक्टर, सगळे खळ्यातल्या पेंढ्यावर चारपर्यंत झोपले. दुसऱ्या सहलीत, डिसेंबरात, वाटेतल्या गावात त्याच्या मावसभावाच्या मुलाची हळद निघाली. बेंजो वाजत होता. आमची माणसे पाच मिनिटांसाठी उतरली ती संध्याकाळी पिवळी होऊन गाडीत चढली. कल्याणच्या एका जोडप्याला सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारले, कोणाचं लग्न होतं. ते म्हणाले, "ठाऊक नाही, पण मुलगा चांगला वाटला."

येणारे खूश होते. केसरीनाथ नव्हता. दापोड्याच्या नाक्यावर त्याला विचारू लागले, "केसरीशेठ, गड या खेपेला किती किलोचा होता?" आणि दिपालीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्यासमोर निकाल दिला.

"तिसऱ्या खेपेला माणसं वर नेलीत तर नेलीत. मी स्वतः येऊन बघणार. नाही गेलात तर हे बंद. लोकांना गडाच्या नावाखाली जेवायला नेणारा माणूस म्हणून नाव झालंय तुमचं. त्यापेक्षा रविवारी गोदामाची शटरं मोजा."

"मोजतो," केसरीनाथ म्हणाला.

तिसऱ्या वेळी त्याने वाट स्वतः आखली. वज्रेश्वरीला भल्या सकाळी दर्शन, कारण त्या वेळी त्याचा तिथला चुलत साडू अंघोळीला गेलेला असतो. दर्शन झाले, पायऱ्यांवर उभे राहून फोटो झाले, चहासुद्धा अनोळखी टपरीवर झाला. एकच अडचण उरली होती आणि ती मोठी होती. वहिनींचे माहेर दिघाशी गावाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, एका वाडीत. गडाची वाट त्या वाडीच्या अंगणातून जाते.

"आईला सांगून वर जाऊ," वहिनी म्हणाल्या.

"सांगितलं की जेवण. जेवण की झोप. तू बघायला आलीयस ना? नुसतं बघ."

त्याने बस वाडीच्या बरीच अलीकडे चिंचेखाली थांबवली. ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा, वर्षानुवर्षे भिवंडीत मुरलेला. तो म्हणाला, "सेठ, इतना दूर काहे को रोकते? गाडी तो घर तक जाती है."

"इधरीच रोक. और हॉर्न मत मार."

मग आम्ही वाडीला वळसा घालून कापलेल्या भातखाचरांतून निघालो. एकामागे एक, बांधावरून, एक अक्षर न बोलता. केसरीनाथ पुढे, डोक्याला पंचा गुंडाळून, मान खाली. मागे चौदा माणसे, हसू दाबल्यामुळे माना त्यांच्याही खाली. सर्वांत मागे वहिनी आणि मी. वाडी डाव्या हाताला राहिली. कुत्रे भुंकले नाही. केसरीनाथने वळून मला अंगठा दाखवला.

त्याच्या लक्षात आले नाही ते मला नंतर कळले. त्या भागात माणसे गावात न शिरता, दारे टाळून, मुकाट्याने एका ओळीत शेतातून चालतात ती एकाच वेळी. मसणातून परतताना.

शेवटच्या बांधावर अख्खी वाडी उभी होती. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते, पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे केसरीनाथच्या सासूबाई, ठकुबाई. त्यांच्या एका हातात पाण्याचा हंडा होता आणि दुसऱ्या हातात कडुलिंबाचा डहाळा. डोळ्यांतून पाणी चालले होते.

"जावय," त्या म्हणाल्या, "कवा झालं? निरोप तरी धाडायचा."

"काय कवा झालं?"

"कोन व्हता?" शेजारच्या चिंधूने हलकेच विचारले. "लांबचा का जवलचा?"

नेत्राताईंच्या हातात कोणीतरी लिंबाचा पाला दिला होता आणि त्यांनी तो स्वागताचा विधी समजून चावलाही होता. त्यांचा चेहरा पाहून दिपालीवहिनी अशा हसायला लागल्या की बांधावर खालीच बसल्या. ठकुबाईंनी मुलीकडे पाहिले, जावयाकडे पाहिले, मग चौदा जणांच्या पायांतल्या रंगीत बुटांकडे पाहिले. हंडा खाली ठेवला.

"मेला न्हाय कोनी?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "गडावर चाललो होतो."

"गडावर. आनि माज्या दारावरनं मसनातनं आल्यासारके चोरून चाललाव."

"चोरून नाही, आई. उशीर होत होता."

"माज्याकडं यायला तुमाला उशीर व्हतो. आत्याकडं झोपायला व्हत न्हाय. हलदीत नाचायला व्हत न्हाय." बातम्या तिथेही पोचल्या होत्या. "आता जेवल्याबिगर एक पाऊल पुढं जायाचं न्हाय."

केसरीनाथने माझ्याकडे पाहिले. साडेआठ झाले होते. जेवण होईपर्यंत अकरा, आणि नंतर या चौदा जणांपैकी एकही उठणार नाही हे मला आकडेमोड न करता कळत होते. काही जण आतापासूनच ओटीवरच्या बाजेकडे बघत होते.

"आई, हात जोडतो," तो म्हणाला. "येताना जेवतो. शपथ."

"येताना पलीकडनं उतरशील तू. मी वलखते तुला." रागाच्या भरात तुमीचे तू झाले होते. त्यांनी पदर खोचला. "बरं. तू खाली जेवत न्हायस, तर जेवान वर येल. आनि जेवनासंगं मी येतंय."

हे कोणालाच अपेक्षित नव्हते. अर्ध्या तासात वाडीतल्या पाच चुली पेटल्या. पीठ कोणाचे, तवा कोणाचा, काही विचारायची सोय नव्हती. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या गेल्या. रात्रीचे वालाचे बिरडे एका घरातून आले, कांद्यातली सुकट दुसऱ्या घरातून, लसणाची चटणी तिसऱ्या. ज्या घराने भाकऱ्या दिल्या त्या घराला त्या खाल्ल्या गेलेल्या पाहायच्या होत्या, त्यामुळे प्रत्येक घरातून एक माणूस निघाला. चिंधूच्या डोक्यावर त्याची नवी कोरी बांबूची टोपली, तीत फडक्याखाली भाकऱ्या. माझे वेळापत्रक मी घडी करून खिशात ठेवले.

वाट आधी सागातून जाते, मग कारवीतून, मग मुरमावरून पाय घसरत. ठकुबाई अनवाणी सर्वांत पुढे. मागे वळून त्या ठाण्याच्या लोकांना दम देत होत्या.

"बाय, मोबाईल खिशात घाल, दोनी हात लागतील. तुमी, टोपीवाले, बसू नका. बसलं का पाय जड व्हतंत."

"किती राहिलं?" टोपीवाल्यांनी विचारले.

"हे काय, आलाच." हे उत्तर त्यांनी पुढचा दीड तास तसेच दिले.

मंडळी हसत, घसरत, एकमेकांना ढकलत वर चालली होती. दातांचे डॉक्टर पुन्हा आले होते; ते चिंधूकडून टोपली डोक्यावर तोलायला शिकत होते आणि त्यांना ते जमत नव्हते. केसरीनाथ मात्र फक्त माणसे मोजत होता.

गडाच्या खांद्यावर, माथ्याच्या थोडे खाली, खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. बाजूला झाडाची सावली. ठकुबाई तिथे थांबल्या आणि त्यांनी फडके पसरले.

"इथं बसा. वर झाड न्हाय, पानी न्हाय. इथंच जेवायचं."

चौदा जण क्षणात खाली बसले. भाकरीचा वास सुटला होता. केसरीनाथ त्यांच्या आणि टोपलीच्या मध्ये उभा राहिला.

"आई, आधी वर. दहा मिनिटांवर आहे."

"आदी जेवा."

"इथे जेवलो तर उठणार नाही कोणी. दिपाली, तू सांग."

"मी बघायला आलेय," वहिनी म्हणाल्या. "मी काही सांगणार नाही."

"जावय," ठकुबाई म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं माजं ताट कवा नको म्हनलाव न्हाय. आज म्हनताव?"

आमच्याकडे सासूने वाढलेल्याला जावई नाही म्हणत नाही, आणि सासुरवाडीत जावई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही. केसरीनाथने दोन्ही गोष्टींचा बहुधा एकदमच विचार केला असावा. तो खाली वाकला, टोपली उचलली, डोक्यावर ठेवली आणि माथ्याकडे पळत सुटला.

पोट सुटलेला, बावन्न वर्षांचा, तीन गोदामांचा मालक, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली, एका हाताने ती धरलेली, दुसऱ्या हाताने सुटलेला पंचा. पहिल्यांदा चिंधू ओरडला, कारण टोपली त्याची होती. मग ठकुबाई उठल्या. "अरं, लोक काय म्हनतील, खाली ठेव," म्हणत त्या मागे धावल्या. त्यांच्या मागे बिरड्याचे पातेले घेऊन दोन बायका, आणि भाकऱ्या चालल्या म्हणून मागे अख्खी बँक. टोपीवाले सर्वांत पुढे होते. मी गुडघ्यावर हात ठेवून चढलो. माझ्यापुढे वहिनी हसता हसता दर चार पावलांवर थांबत होत्या.

माथ्यावर पोचलो तेव्हा केसरीनाथ ढासळलेल्या तटाच्या दगडावर बसला होता, टोपली मांडीवर. तो पंच्याने घाम पुसत होता. खाली तानशाची रेघ चमकत होती, एका बाजूला माहुलीचे सुळके आणि दुसरीकडे तुंगारेश्वराचे रान. नेत्राताई काही वेळ नुसत्या गोल फिरत राहिल्या.

ठकुबाई धापा टाकत आल्या. रागवायचे त्यांच्या मनात होते, पण दम उरला नव्हता, आणि दम आला तेव्हा हसू आले.

"जावयाला टोपली उचलाया लावली," त्या वाडीतल्या बायकांना म्हणाल्या. "आता मला तोंड दावाया जागा न्हाय."

"आई, वाढा," केसरीनाथ म्हणाला.

त्यांनी पहिली भाकरी त्याच्या हातावर ठेवली, वर सुकट. भर उन्हात, वाऱ्यात, सगळे जेवले. झोपायला सावली नव्हती, म्हणून कोणी झोपलेही नाही.

केसरीनाथने वहिनींकडे पाहिले. "मग?"

"मग काय," वहिनी बोटांवरचे बिरडे चाटत म्हणाल्या. "पुढच्या रविवारी कुठे?"

तेवढ्यात वारा आला आणि रिकामी टोपली उठली. ती कडेला एकदा थबकली, मग दरीकडे गेली. टप्पे खात, कारवीतून, दिसेनाशी होईपर्यंत सगळे तिच्याकडे बघत राहिले. चिंधू सर्वांत शेवटपर्यंत बघत होता.

त्यानंतर सहली चालू आहेत. गुमताऱ्याची असली की जेवण वरच असते आणि ठकुबाई बरोबर असतात. चिंधूच्या टोपलीचे एकशे ऐंशी रुपये देणे बाकी आहे.