इस्माईलचाचांच्या पलंगाखालचा कप

आमची टीम कधीच मोडली. पण आम्ही तिघंचौघं जुने खेळाडू आमखासच्या मैदानाजवळ चहाला बसलो की किस्से निघतात, आणि सगळे फिरून त्या चांदीच्या कपापाशीच येतात.

पोलीस अ‍ॅक्शननंतर दोनतीन वर्षांनी एका राजेसाहेबांच्या नावाची अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा आम्ही औरंगाबादकरांनी जिंकली. कप रोलिंग होता, वर्षभर सांभाळून पुढच्या वर्षी परत न्यायचा. देताना राजेसाहेबांचे सेक्रेटरी आमच्या कॅप्टनला, म्हणजे गोलकीपर इस्माईलचाचांना म्हणाले, "ओरखडा आला तरी जबाबदार तुम्ही." तेव्हापासून चाचांनी जी धास्ती घेतली, ती घेतलीच.

*

परत येताना मनमाड स्टेशनवर पोलिसांनी आमचं पोतं दाबून पाहिलं. आत काहीतरी जड, गोल आणि धातूचं! त्या दिवसांत बॉम्बचा संशय यायला एवढं पुरेसं होतं. आम्हाला ओळीत उभं केलं. हवालदारानं कप काढून आतपर्यंत हात घातला आणि "रिकामाच हाय की," म्हणाला.

चाचा कसेबसे बोलले, "साब, हात साफ है ना?"

*

पुढच्या वर्षी स्पर्धा झालीच नाही. संस्थान आधीच गेलं होतं, आता पैसाही आटला, सगळं बंद पडलं. कप मागायला कुणी आलं नाही. आम्ही खूश, चाचांची झोप उडाली. दरवर्षी ते कप चिंचेनं घासून, फडक्यात बांधून तयार ठेवायचे.

एकदा दारात खाकी कपड्यांतला माणूस उभा राहिला. चाचांनी निमूटपणे कप त्याच्या हातात दिला. तो देवीची लस टोचायला आला होता!

*

एका ईदला आमच्या हट्टापायी चाचीनं त्या कपात शीरखुर्मा वाढला. चाचा न खाता दाराला पाठ लावून बसून राहिले.

*

म्हातारपणी चाचा थकले. आम्हाला बोलावून म्हणाले, "अमानत गले में लेके मरना नको रे मेरे को. जीतके आयी, हारके जाने दो." म्हणून त्यांना धरून मैदानावर नेलं. ते खांबाचा आधार घेऊन गोलमध्ये उभे राहिले. त्यांनी अडवायचं नाही, आम्ही फक्त गोल मारायचा; ज्याचा गोल, कप त्याच्या घरी.

पहिल्यानं बाहेर मारला. दुसऱ्यानंही. ती भीती आपल्या घरात कुणालाच नको होती. शेवटची किक माझी. मीही बाहेरच मारला.

मग चाचा हळूहळू जाऊन स्वतःच बॉल घेऊन आले, गोलसमोर ठेवला आणि पायानं आत ढकलला. "हार गया मैं," म्हणाले. त्या दिवशी ते गाढ झोपले, असं चाचीनं सांगितलं.

शेवटची किक माझी होती, म्हणून कप सध्या माझ्या पलंगाखाली आहे. काल दुपारी कुणीतरी कडी वाजवली. बायको हळूच म्हणाली, "मी नाय उघडणार."