चीनमधल्या गाडीची तुळजापुरात पूजा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग बराच वेळ कुणाशी बोलू नये असं वाटतं. निवृत्तीच्या थोडं आधी मी तुळजापूर पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो, तेव्हाची गोष्ट.

मंगळवारची गर्दी होती. सोलापूरचे एक शिक्षक घामाघूम होऊन ठाण्यात आले. लॉजच्या आवारातून त्यांची गाडी गेली होती. फिकट हिरवी, दोन दारांची, छोटी इलेक्ट्रिक गाडी. नवी कोरी, पूजेसाठीच आणलेली. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली. मी वायरलेसवर वर्णन कळवलं, सोलापूर आणि नळदुर्ग रस्त्यांवर नाकाबंदी लावली आणि लॉज गाठलं.

गर्दीच्या दिवशी इथले लॉजवाले गाड्यांच्या किल्ल्या काउंटरवर ठेवून घेतात, म्हणजे मागची गाडी काढायला पुढची हलवता येते. मॅनेजर हात जोडूनच पुढे आला.

"साहेब, एक म्हातारं माणूस ती गाडी उपरण्यानं पुसत हुतं. मला वाटलं ह्योच ड्रायव्हर. मीच किल्ली दिली. म्हणलं, मामा, जरा म्होरं घ्या."

मामांनी गाडी चांगलीच पुढे घेतली होती!

आमच्या माणसांनी दुकानदारांकडे विचारपूस सुरू केली होतीच. थोड्या वेळात ओळखीच्या एका नारळवाल्याचा फोन आला. "साहेब, हिरवी गाडी माझ्या दुकानाम्होरंच हाय. पूजा चाललीय तिची."

आम्ही पोचलो तर चाकांखाली लिंबं ठेवलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेवर हार. पांढरी टोपी घातलेले एक आजोबा मोबाईलवर व्हिडिओ काढत होते आणि शेजारी त्यांची बायको हात जोडून उभी होती. पोलीस दिसल्यावर दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही. नाकाबंदीवरचे माझे जवान तिकडे उन्हात उगाच भाजत होते.

ठाण्यात आजोबांना समोर बसवलं. ते सास्तूरकडचे, साखर कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेले.

"गाडी का नेली?"

"म्या नेली. मलाच काय ती शिक्षा करा."

माझा अनुभव असा की चोर हुज्जत घालतो, शपथा घेतो, दुसऱ्यावर ढकलतो. विचारताक्षणी गुन्हा अंगावर घेणारा माणूस बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. मी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना बोलावलं.

गुरुजी गोंधळलेले होते. "संकल्पाला मालकाचं नाव विचारलं, तर यांनी मुलाचं सांगितलं. मुलगा कुठंय म्हटलं, तर म्हणाले चीनमध्ये. गाडी कुठं चालवणार म्हटलं, तर तेही चीनमध्येच. मला वाटलं, बोटीनं पाठवणार असतील."

बाकावर बसलेल्या आजी तेव्हा बोलल्या. "त्यांना काय करू नका, साहेब. म्याच मागं लागले. लेकानं तिकडं गाडी घेतली. अगदी अशीच, ह्योच रंग. नारळ न्हाय फोडला, लिंबू न्हाय. तशीच रस्त्यावर घातली. माझा जीव थाऱ्यावर न्हाय."

त्यांनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. गाडी खरोखर जुळी बहीण शोभावी अशी होती. खातरजमेसाठी मी त्यांच्याच मोबाईलवरून मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो तिकडच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. आधी घाबरला, मग सगळं ऐकून हसला.

"साहेब, इथं शहरात मोटारसायकलला बंदी आहे. पावसात बॅटरीच्या स्कूटरवर लई हाल व्हायचे. ही छोटी गाडी वापरलेली, स्वस्तात मिळाली. रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी कामावर. बास."

आजींनी फोन ओढून घेतला. "व्हय रं, गाडी घेतली म्हंजी आता तिथंच ऱ्हाणार का?"

तो म्हणाला, "आई, गाडी काय, कवाबी विकता येती." असली उत्तरं मी जन्मभर ऐकली आहेत. माणूस खोटं बोलत नाही, पण खरं सांगायलाही धजत नाही. आजींनाही ते कळलं असावं. त्यांनी फक्त "जेवलास का?" एवढंच विचारलं.

शिक्षक आधी भडकले होते. "माझ्या नव्या गाडीची पहिली पूजा दुसऱ्याच्या नावानं!" पण शेजारी उभं राहून त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. तक्रार नसल्याचा जबाब त्यांनी स्वतःहून दिला. लबाडीचा हेतू नव्हता, त्यामुळे प्रकरण डायरीतच मिटलं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. तोवर मी आरोपीला 'काय नेलं' आणि 'का नेलं' हे विचारायचो. त्यानंतर 'कुणासाठी' हेही विचारू लागलो.

निघताना शिक्षक म्हणाले, "चला मावशी, दोघांना बसस्टँडवर सोडतो." आजोबा मागे बसले, आजी पुढे. दार लावायला मी वाकलो, तेव्हा त्या डावीकडच्या सीटवरून हळूहळू हात फिरवत होत्या. चीनमध्ये गाडीचं स्टिअरिंग डाव्या अंगाला असतं, हे त्यांना मुलाने कधीतरी सांगितलेलं असावं.

माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हितं बसतंय माझं लेकरू."