आकडे चिकटवलेला पियानो

"ते आकडे काढ आधी, वहिनी. पियानो आहे की बसमधल्या सीटा?"

"राहू देत."

"दादा असता आणि हे बघितलं असतं ना—"

"दादा नाहीये."

"तेच म्हणतेय मी! नाहीये, तर चर्चला देऊन टाक. तिथे वाजवणारी माणसं आहेत. इथे काय, तू त्यावर केळी पिकत घालणार?"

"मी शिकतेय."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"सत्तावन्न."

नोंचेतांताची, म्हणजे नोंचेकाकूची, नणंद मेइती माझ्याकडे वळली. "आणि तू गं शेजारीण, हिची गुरू! तुला तरी येतो का?"

नव्हता येत. मला आकडे येत होते. आमच्या तोमोहोन गावात चर्चच्या गाण्यांचं पुस्तक आकड्यांत छापलेलं असतं. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन. लहानपणापासून आम्ही तसंच गातो. मी आणि नोंचेतांतानं मिळून जुन्या कॅलेंडरातले आकडे कापले, मधल्या एका पांढऱ्या पट्टीवर एक चिकटवला आणि तिथून पुढे, मागे लावत गेलो. झाली शिकवणी.

ओम वेम्पी, म्हणजे वेम्पीकाका, आमच्या प्रार्थनागटाचे वडीलधारे, कॉफीचा कप धरून मध्ये बसले होते. ते म्हणाले, "पुढच्या बुधवारची प्रार्थना याच घरी आहे. नोंचेनं एक गाणं वाजवावं. चारही कडवी, न थांबता. जमलं तर पियानो इथेच राहील. अडली, तर शनिवारी पोरं येऊन उचलतील. कबूल?"

"कबूल," मेइती म्हणाली.

तांतानं नुसती मान हलवली.

यूप, तिचा नवरा आणि मेइतीचा दादा, फेब्रुवारीत गेला. तीस वर्षं तो चर्चमध्ये वाजवत होता. त्याला पुरताना सगळ्या गल्लीचं लक्ष तांताच्या डोळ्यांकडे. तिनं विचारलं, "कॉफीत साखर घातली का कुणी?" तिसऱ्या दिवशी बाजाराच्या वळणावर तिची कढई पुन्हा चढली. केळ्याची भजी आणि मिरचीची तिखट चटणी, नेहमीसारखी. तेल उडून फोड आला, तर ती दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी बघायची.

"तांता, दुखत नाही?"

"दुखत असेल."

रोज कढई उतरवून ती पियानोपुढे बसायची. तळहाताला तेलाचा वास. पाच, पाच, तीन, एक. चुकली तर पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, "जरा मनापासून वाजवा ना!"

"पुस्तकात कुठे लिहिलंय तसं? आकडा लिहिलाय. मी आकडा दाबते."

बुधवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. मेइती पुढे उभी, नेहमीप्रमाणे गाणं उचलायला. तांतानं सुरुवात केली. आकडे बरोबर, लय बरोबर, आणि मेइतीचा आवाज घशात उतरून बसला. गाणं भलतंच खाली लागलं होतं. ओम वेम्पी विहिरीतून बोलावं तसे घुमू लागले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "गातोय की घोरतोय?"

तेव्हा माझी नजर पुस्तकाच्या कोपऱ्यात गेली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, या गाण्याचा एक कुठल्या पट्टीवर धरायचा ते. तिकडे आम्ही कधी बघतच नाही. सूर देणारा देतो, आपण गातो. तीस वर्षं यूप देत होता; आमचा एक मात्र एकाच पट्टीवर चिकटलेला.

दुसऱ्या कडव्याला बायका गप्प झाल्या. तिसऱ्याला मेइतीनं तोंड मिटलं. चौथ्याला ओम वेम्पीसुद्धा थांबले. तांताला कळलंच नाही. भरलेल्या घरात ती एकटी, आकड्यावर बोट, पुढच्या आकड्यावर बोट. एकदाही अडली नाही. संपल्यावर तिनं हात मांडीवर ठेवले.

"हे मी धरणार नाही!" मेइती उसळली. "कुणाला गाताच आलं नाही! पियानो लोकांनी गावं म्हणून असतो!"

ओम वेम्पींनी घसा खाकरला. "अट वाजवायची होती, मेइती. गायची नव्हती. चार कडवी झाली. पियानो राहील."

"अहो ओम, पण—"

"राहील म्हटलं ना."

 मेइती तांताच्या स्टुलाशी गेली, वाकली. आवाज उतरला होता, गाण्यानं की आणखी कशानं कोण जाणे.

"ठीक आहे, वहिनी. ठेव तुझ्याकडे. पण एक सांग. दादाला पुरलं तेव्हा तू रडली नाहीस, मी गप्प बसले. आज जिंकलीस, तर हसत पण नाहीस. बरं वाटलं एवढं तरी म्हण. मला नको, या सगळ्यांना म्हण. वाटलं ना बरं?"

सगळे तांताकडे बघत होते. तिनं पियानोचं झाकण लावलं, खुर्च्यांखालचे रिकामे कप एकेक करून ट्रेमध्ये गोळा केले, आणि ट्रे उचलून स्वयंपाकघरात निघून गेली.